लिफ्ट पडणार नाही हे कशावरून?

ती. ताईस,

लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून लिहितोय, त्यामुळे साष्टांग नमस्कार आपोआपच घडलाय, गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं घोरणं? (कमी झालं असेल तर उपाय कळव, इथल्या वॉचमनला हवाय.)

माझं म्हणशील तर तू दिलेल्या पुस्तकाने माझं पार वाटोळं केलंय. तो तुझा जुना तत्त्वज्ञ! सगळं ज्ञान अनुभवातून येतं म्हणणारा. मला वाटलं, हा तर आपलाच माणूस, मेकॅनिक. पण पुढे म्हणतो, सूर्य रोज उगवला म्हणून उद्या उगवेलच याला पुरावा नाही, आपल्याला नुसती सवय झालेली असते. माझी झोपच उडाली.

या इमारतीत सातव्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या मुलीशी, म्हणजे तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरणीशी, माझं जमलंय. (हो, तुला सांगायचं राहिलं. आधी पाणी पी.) फक्त काकूंचा होकार बाकी होता. परवा मी दोर तपासून, हात पुसत बाहेर आलो, तर काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या. सहज म्हणाल्या, "पडणार नाही ना हो?" शहाणा माणूस "छे हो" म्हणून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "आजवर पडली नाही, एवढंच सांगता येईल. उद्याचा पुरावा कुणाकडेच नाही."

काकू जिन्याने गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत जिन्यावर! पाचव्या मजल्यावरचे वकील तर दर मजल्याला दम खात माझा उद्धार करतात, आणि दर वेळी नव्या शब्दांत (भाषेवर प्रभुत्व आहे). साहेबांनी फोन करून विचारलं, दोर बदलायचा का? म्हटलं, दोर ठणठणीत आहे, प्रश्न तत्त्वाचा आहे. म्हणाले, तत्त्व घरी ठेवून कामावर येत जा.

झालेलं निस्तरायला मी वर गेलो. काकूंनी दारातच विचारलं, माझ्या मुलीला सुखात ठेवाल ना? आणि ताई, काय ही माझी जीभ! म्हणालो, "अजून तसा अनुभव नाही, त्यामुळे..." दार बंद. आत डॉक्टरीण हसली की रडली ते कळलं नाही, आणि जे दिसलं नाही त्यावर मी हल्ली मत देत नाही. पण खरं सांगू? मला भीती वाटतेय गं. तिच्यावाचून मला करमायचं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी काकूंकडे ये आणि रीतसर मागणी घाल. भावजींना आणच, ते बोलत नाहीत. तू पुस्तकाचं नाव काढू नकोस.

आणखी एक ता. क. पुस्तक मी अर्धंच वाचलं होतं! पुढे हा गृहस्थ चक्क लिहितो की विचार करून डोकं शिणलं की तो मित्रांबरोबर जेवतो, सोंगट्या खेळतो आणि चारचौघांसारखा सवयीवर विसंबून जगतो. मग हे पहिल्याच पानावर सांगायला काय झालं होतं?

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात ती खाली आली. म्हणाली, "उद्या तुझा विचार बदलणार नाही हे कशावरून?" मी पुष्कळ डोकं खाजवलं. पुरावा एकही सापडेना. शेवटी म्हटलं, "नाही बदलणार." तिला तेवढं पुरलं गं.