दोरीवरची गोष्ट

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खिडकीबाहेर एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन, तिच्या पायांतून बघत चाललाय. असो. सांगायचं म्हणजे मी मास्तर झालो. हसू नकोस! रंगाऱ्याबरोबर शाळेच्या भिंती रंगवायला आलो होतो. तिसरीच्या बाई रजेवर, पोरं मोकाट. मी ब्रश हातात घेऊनच गोष्ट सांगत बसलो. मोठ्या बाईंनी दारातून ऐकलं. शुक्रवारी त्या वर्गात बसणार आहेत. पोरांना गोष्ट क्रमानं आणि बारकाव्यांसकट सांगता आली, तर वर्षभर गोष्टींचा तास माझा. नाहीतर आहेच पुढचं गाव. पण ताई, पहिल्यांदाच कुठून निघावंसं वाटत नाहीये.

पोरांची गोष्ट मात्र अशी : कुत्रा आला, मी पडलो, संपली. काय करू?

आईबाबांना नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नये.
तुझा, भिरभिऱ्या

६ ऑगस्ट

चि. भिरभिऱ्यास अनेक आशीर्वाद.

बाबा म्हणाले, ज्याला सदऱ्याची बटणं धड लावता येत नाहीत तो आता क्रम शिकवणार! आई मात्र तेव्हापासून गुणगुणतेय.

माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी झबल्याचे कापलेले तुकडे मिसळून देते. आधी काय जोडायचं ते त्यांनीच ओळखायचं. तूही गोष्टीचे तुकडे कर. आणि बारकावा म्हणजे झालर. नजर जाईल तिथेच लावायची, नाहीतर झबलं दिसतच नाही. स्वतः फाटे फोडू नकोस रे!

बाई काय म्हणाल्या ते लगेच कळव. इथे जीव टांगणीला आहे.
तुझी, ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझे तुकडे कामाला आले! चिठ्ठ्या केल्या, वर्गात दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे आणले. मी शाळेत कसा आलो तेच सांगितलं, पण आधी शिडीवरून पडलो आणि मग चढलो. पोरं खवळलीच. चढल्याशिवाय पडाल कसे, म्हणून मला वेड्यात काढलं आणि चिठ्ठ्या बदलल्या. मग विचारत सुटली, बादलीत रंग कोणता, तो उडाला कुणावर. निळा, मोठ्या बाईंच्या चपलेवर. बाई समोरच बसलेल्या!

शेवटी आमच्या वर्गातल्या चिमणी नावाच्या पोरीनं स्वतःच एक चिठ्ठी लिहून टांगली : ‘सर इथेच राहिले.’ मी म्हटलं, हे अजून घडलेलं नाही. ती म्हणाली, मग घडवा, गोष्ट अर्धी ठेवून घरी कसं जायचं? बाई उठून दोरीपाशी गेल्या, तेवढ्यात घंटा झाली. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा गं, पण केवढा घुमतो! खिडकीतली कबुतरं मात्र सवयीनं आता दचकत नाहीत, नुसती माना वळवतात. कागद संपला.
भिरभिऱ्या

१३ ऑगस्ट

चि. गाढवास आशीर्वाद.

बाई दोरीपाशी गेल्या, आणि? कबुतरांच्या माना कळल्या, तुझं काय झालं ते कोण सांगणार? आईनं पाकीट उलटं करून झटकलं. बाबा पोस्टमनवरच चिडलेत. आधी शेवट लिही, मग कबुतरं.
ताई

१७ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आधी बाई दोरीपाशी गेल्या. मग त्यांनी चिमणीची चिठ्ठी वाचली. तिचा चिमटा सैल होता, तो नीट घट्ट केला. मग वेळापत्रकात गोष्टींच्या तासापुढे माझं नाव लिहून निघून गेल्या.

बारकावा : चपलेवर निळा डाग अजून आहे.

वर्षभर लोभ याच पत्त्यावर धाडावा.
तुझा, भिरभिऱ्या