चाक काळकाईच्या हाती

॥ श्री काळकाई प्रसन्न ॥

उंडीखोल, ता. श्रीवर्धन, जि. कुलाबा
ता. १० मार्च १९५८

चि. दत्तात्रेयभावजींस,
सगुणावहिनीचे अ. उ. आ.

पत्र लिहिण्यास कारण की, आपली जीप खाजणात गेली. माणसं सगळी धड आहेत आणि देवीही धड आहे, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुम्ही शिमग्याला आला नाहीत. हापिसात रजा मिळत नाही म्हणालात. तुमच्यासारखी आणखी पुष्कळ मुंबईकर मंडळी तसंच म्हणाली, त्यामुळे यंदा काळकाईच्या पालखीला गावात खांदेच पुरेनात. म्हातारे पहिल्या वाडीतच बसले. पलीकडच्या भंडारवाडीला देवी गेली नाही तर ते लोक वर्षभर बोलून दाखवतील, म्हणून भागोजी गावकरांनी पालखी आपल्या जीपमध्ये ठेवायची युक्ती काढली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. येसाजीमामांनी गाडी धुतली, तिला झेंडूच्या माळा घातल्या, स्वतःच्या डोक्यावर लष्करातली जुनी टोपी चढवली आणि चाकावर बसले. पुढे ढोल, मागे जीप.

बांधाच्या वळणावर ढोल उजवीकडे वळले आणि जीप सरळ गेली. सरळ म्हणजे बांधाखाली, भरतीचं पाणी भरतं त्या चिखलात. पालखी लोकांनी वरच्या वर उचलून घेतली, तिच्यावर थेंबही उडाला नाही. जीपचा मात्र पुढचा आस मोडला, रेडिएटर फुटला, आणि संध्याकाळच्या भरतीचं खारं पाणी इंजिनात शिरलं. एक दिवा अजून सापडायचा आहे.

मामा खाली उतरले ते हेच सांगत उतरले की देवीनं ओढ घेतली. पालखी कधी कधी खांदेकऱ्यांना आपल्या मनाला येईल तिकडे ओढते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मामा म्हणाले, या खेपेला ती ओढ चाकात उतरली. भागोजींनी तिथंच चिखलात हात जोडले. दिवेलागणीपर्यंत गावात ठरूनही गेलं की गाडी काळकाईच चालवत होती.

आता मुद्द्याचं. श्रीवर्धनच्या मेस्त्रीनं खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा तुमचे दादा आपल्या बैलांची किंमत मोजू लागले. मग त्यांना आठवलं की दत्तूनं आपल्या मागे लागून गाडीचा विमा उतरवून घेतला होता. दादा म्हणतात दावा करू. मामा म्हणतात, विम्याचं नाव काढाल तर मी घर सोडीन. पण गाडीवाचून आमचं अडलं आहे. सुपारी बाजाराला न्यायची आहे, आणि भंडारवाडीच्या अडलेल्या बायकांनाही दवाखान्यात नेते ती आपलीच जीप. दावा करावा की न करावा, ते तुम्ही कळवा.

आमच्यावर लोभ असू द्या, आणि पुढच्या शिमग्याला खांदाही असू द्या.

तुमची
सगुणावहिनी

*

मुंबई
ता. १५ मार्च १९५८

तीर्थस्वरूप सौ. सगुणावहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही झाला. दावे विभागात बसून मी मलबार हिलच्या मोटारींचे दावे लिहिले, नागपूरकडच्या ट्रकांचे लिहिले, पण आपल्या तालुक्यातून दावा म्हणून कधी आला नव्हता. मी लगेच हेडक्लार्कना सांगितलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं.

तेव्हा दावा अवश्य करावा. मात्र कंपनी फार चौकस असते. पहिली गोष्ट, गाडी रस्त्यावर होती का? रस्ता सोडून भलतीकडे घातलेल्या गाडीला भरपाई देताना आमचे साहेब नाक मुरडतात, तेव्हा तो बांध म्हणजे वहिवाटीचा रस्ता आहे असं गावकऱ्यांकडून लिहून घ्या. दुसरं, आपली गाडी खाजगी आहे. पालखी नेल्याबद्दल गावानं काही दिलं असेल तर ते भाडं होतं आणि सगळंच मुसळ केरात. काही दिलं का, ते नीट आठवा.

आणि चालकाच्या रकान्यात येसाजीमामांचं नाव व परवान्याचा नंबर घालावा. गाडी रस्त्यावरून खाली कशी गेली, ते मामांनी स्वतः लिहून सही करावी. देवी चालवत होती असं कृपा करून लिहू नये. आमचे हेडक्लार्क देवभोळे आहेत, पण दहा ते पाचच्या दरम्यान नाहीत.

दादांना साष्टांग नमस्कार. मामांना सांगा, यात घाबरण्यासारखं काही नाही. आपली माया आहेच, तिच्यासोबत थोडा सुका जवळाही आला तर नको म्हणणार नाही.

आपला आज्ञाधारक दीर
दत्तात्रेय

*

उंडीखोल
ता. २० मार्च १९५८

चि. दत्तूस,
येसाजीमामाचा आशीर्वाद.

तुझ्या वहिनीनं तुझं पत्र वाचून दावलं. गाडी रस्ता सोडून कशी गेली ते मी लिवून द्यावं म्हंतोस. गाडी मी सोडली न्हाय. बरम्यात मी रातचा ट्रक हाकलाय, दिवे बंद करून, एका अंगाला दरी न् दुसऱ्या अंगाला जपानी. एक ओरखडा न्हाय. कर्नलसायबानं स्वोता माझ्या पाठीवर थाप मारली हाय. त्यो मानूस भर दिवसाचा ढोलामागनं जाताना खाजणात जाईल व्हय?

चाक देवीनं वढलं. माझ्या हाताला कळलं. आन् कळलं तरी तिच्या नावानं कागद करायचा न्हाय. आईच्या हातनं मडकं फुटलं तर ते कोनी कंपनीला कळवतं का? तुझ्या कागदावर माझं नाव आलं तर मी ह्या घरात ऱ्हानार न्हाय, येवढं ध्यानात ठेव.

बाकी तब्येत जप. रस्ता ओलांडताना बघून ओलांड. तुला ल्हानपनापासनं डावं-उजवं कळत न्हाय.

येसाजी
पेन्शनर हवालदार ड्रायव्हर

*

उंडीखोल
ता. २२ मार्च १९५८

चि. दत्तात्रेयभावजींस,
सगुणावहिनीचे अ. उ. आ.

मामांचं पत्र मिळालं असेल. ते त्यांनी पोस्टात स्वतः नेऊन टाकलं, माझ्या हाती दिलं नाही.

तुमच्या प्रश्नांवर काल देवळात गाव बसला. बांध हा रस्ता आहे का, यावर भागोजी म्हणाले की आज्या-पणज्यापासून पालखी तिकडून जाते आणि पालखी जाते तो रस्ताच. मग कोणीतरी म्हणालं की गाडी बांधावर नाही, बांधाखाली सापडली. भागोजी म्हणाले, देवी तिथंही गेली, आता तोही रस्ताच. भाड्याचं मात्र पुष्कळ लांबलं. जीपच्या पुढ्यात एक नारळ वाढवला होता. शेवटी असं ठरलं की तो नारळ गाडीला दिला, माणसाला नव्हे, आणि गाडीनं तो खाल्लेला नाही. नारळ तुमच्या दादांनी खाल्ला, पण ते कोणी बोललं नाही.

राहिला चालक. त्यासाठी देवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि विचारलं की गाडी तूच चालवत होतीस का. उजवी कळी पडली, म्हणजे होय. मग विचारलं की दावा करावा का. पुन्हा उजवी. आता देवीचाच हुकूम म्हटल्यावर मामांनीही हात जोडले.

यापुढचं फक्त तुमच्यासाठी आहे. परवा मामा जेवायला बसले होते आणि उजव्या हाताला ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यासाठी चाचपडत होते. तांब्या अगदी हाताशी होता. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले की दिवाळीपासून उजव्या डोळ्यापुढं धुकं आहे. भावजी, ते वळण उजवीकडचं होतं. मामा आता दिवसभर त्या मोडक्या गाडीत बसून चाक पुसत असतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं. बायको नाही, लेकरू नाही, आपल्या घरी त्यांचं स्वतःचं असं एवढंच आहे की येसाजीच्या हातून गाडीला कधी ओरखडा उमटला नाही. कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव गेलं तर तेवढंही जाईल, आणि दावा नाही केला तर गाडी जाईल.

तुमचे दादा म्हणाले की चालक म्हणून माझं नाव घाला. ज्यांना बैलगाडी सरळ हाकता येत नाही त्यांचं नाव घातलं तर कंपनीच काय, आपले बैलही हसतील. म्हणून गावानं सांगितलं तेच मी लिहिलं आहे. चालकाचं नाव: श्री काळकाई देवी, उंडीखोल. परवान्याचा नंबर कोरा सोडला आहे. खाली सगळ्या गावाच्या सह्या आणि अंगठे आहेत. माझ्या मनाचं मी एक अक्षर घातलेलं नाही.

जवळा सोबत आहे. रागावलात तरी तो खा आणि मग माया करा.

तुमची
सगुणावहिनी

*

मुंबई
ता. २४ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप सौ. सगुणावहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

मी आठवडाभर हापिसात मान वर केली नाही. आपला कागद टेबलाटेबलावरून फिरला. टायपिस्ट मुलींनी तो उतरवून घेतला. हेडक्लार्कनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मला विचारलं की देवीचं वय काय लिहायचं.

सर्व्हेअरसाहेब तुमच्याकडे येऊन गेले ते तुम्ही पाहिलंच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचनं येताना त्यांना समुद्र लागला, मुरुडपर्यंत एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पुढे दिघीला पुन्हा लाँच. मला वाटलं, हा माणूस आता आपल्याला फाडून खाणार. पण परत आले ते खुशीत. भागोजींनी त्यांना कोंबडीवडे खाऊ घातले आणि त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी कौलही लावून दिला म्हणे. अहवालात त्यांनी लिहिलं आहे की इतके एकमुखी साक्षीदार आपण सगळ्या नोकरीत पाहिले नाहीत, आणि चाकावर येसाजी बसले असले तरी गाडी देवीच चालवत होती, हे जे आपल्याला सांगण्यात आलं ते लिहिण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

वहिनी, दावा नामंजूर झाला. मोठ्या साहेबांनी एका ओळीत निकाल दिला की चालकाकडे परवाना नाही. ते पत्र मलाच टाइप करावं लागलं. आपल्या तालुक्यातला पहिला दावा, आणि तो मीच फेटाळला. पत्र सोबत जोडलं आहे. इंग्रजी आहे, मास्तरांकडून वाचून घ्या आणि मामांना सांभाळून सांगा.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. मामांच्या डोळ्याबद्दल मी इथे कुणाजवळ बोललो नाही, बोलणारही नाही. पण त्या डोळ्यानं त्यांनी पुन्हा चाक धरलं तर पुढच्या वेळी माणसं जातील. मोतीबिंदू असेल तर इथे शस्त्रक्रिया होते, माझ्या खोलीत राहता येईल. हे त्यांना कोणी आणि कसं सांगायचं, ते मला सुचत नाही.

पराभूत का होईना, पण आपलाच,
दत्तात्रेय

*

उंडीखोल
ता. १५ मे १९५८

चि. दत्तात्रेयभावजींस,
सगुणावहिनीचे अ. उ. आ.

तुम्ही मान खाली घालून बसला असाल तर आता वर करा. तुमच्या पत्रानं काय केलं ते ऐका.

मास्तरांनी ते देवळात सगळ्या गावासमोर वाचलं. आधी इंग्रजीतून वाचलं, ते सगळ्यांना फार आवडलं. मग अर्थ सांगितला, की अपघाताच्या वेळी गाडी श्री. येसाजी चालवत नसून श्री काळकाई देवी चालवत होती असं पुराव्यावरून दिसतं, आणि देवीपाशी परवाना नसल्यामुळे भरपाई देता येत नाही. पहिल्या अर्ध्याला एवढा गलका झाला की दुसरं अर्धं कोणी ऐकलंच नाही. मामांनी पहिलं अर्धं पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. मुंबईच्या कंपनीनं शिक्का मारून लिहून दिलं आहे की येसाजी चालवत नव्हता, त्यावर आता कोण काय बोलणार. ते पत्र त्यांच्या खाकी कोटाच्या खिशात असतं आणि पोस्टमनलासुद्धा दाखवून झालं आहे.

दुरुस्तीचंही निभावलं. भागोजी म्हणाले की ज्यानं चालवली त्यानं भरून द्यावं, ही जगरीत आहे. देवीच्या पेटीतून मेस्त्रीचा खर्च द्यायचं ठरलं आणि देवीनं कौलही लगेच दिला. तुमच्या कंपनीपेक्षा ती दिलदार निघाली. गाडी आता चालते. एक दिवा नाही, पण रात्री जायचंच कुठं आहे.

मामा पुन्हा चाकावर बसले. तुमचं वाक्य डोक्यात होतं, तोंडातून निघेना. म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि उजवीकडचं सगळं सांगत राहिले. मामा, म्हैस आहे. मामा, वळण आलं. त्यांनी एकदाही मला गप्प बस म्हटलं नाही. काही दिवस आम्ही अशीच सुपारी पोचवली.

काल तुमच्या दादांसह श्रीवर्धनहून रिकामी गाडी घेऊन येताना त्यांनी ती किनाऱ्यावर उतरवली आणि ओल्या वाळूत थांबवली. ओहोटी होती. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले की सगुणा, ज्याला दिसतं त्यानंच चाक धरावं, सरक इकडं. मी म्हटलं की मामा, बाईमाणूस जीप हाकते म्हटल्यावर लोक काय म्हणतील. ते म्हणाले, काय म्हनतील, म्हनतील देवी चालवतीय.

भावजी, मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तशीच मी गाडी चालवली. वाकडीतिकडी चालवली, दोनदा बंद पाडली. तुमचे दादा मागे डोळे मिटून बसले होते. मामा शेजारून शिकवत होते, आणि कर्नलसायबानं मारावी तशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कंपनीचं पत्र आलं नसतं तर त्यांनी मरेपर्यंत चाक सोडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पावसाळा सरला की डोळा दाखवायला तुमच्याकडे येतो म्हणाले आहेत, तेव्हा खोली झाडून ठेवा.

आता माझं एक काम करा. परवाना कुठं आणि कसा काढतात ते लगेच कळवा. गाडी पुन्हा कुठं गेलीच, तर कागदावर देवीचं नाव नको, माझं घाला.

लोभ आहेच, तो कुठं जातो.

तुमची
सगुणावहिनी