गाठ, दात आणि थोरल्या जाऊबाई

१९ डिसें., शुक्र. येळवस (वेळा अमावस्या)
शेतात जेवण. आंबील, भज्जी, उंडे. दोन घासांत पोट टम्म. भज्जी माझ्या हातची, आणि मीच न खाता बसले. हे म्हणाले, "गॅस आहे." एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलं. ह्यांच्या मते माणसाला दोनच आजार होतात, गॅस आणि गाडी लागणं.
पलीकडच्या बांधावरून थोरली म्हशीला म्हणाली, "काय गं, खायाचं न्हाय अन् पोट मातर फुगायलंय?" म्हैस बारीक आहे. हे मला होतं.
आमच्या मुलाच्या, महेशच्या लग्नात विहीणबाईंसमोर "आमच्या मास्तरीणबाईला फळा पुसता येतो, पोळी लाटता येत न्हाय" म्हणाल्या, तेव्हापासून थोरल्या जाऊबाईंशी बोलणं बंद. भिंतीला भिंत घर, बांधाला बांध शेत. तिला मला काही सांगायचं असलं की ती म्हशीला सांगते. मला तिला काही सांगायचं असलं की मी ह्यांना मोठ्यानं सांगते. छान चाललंय.

२४ डिसें., बुध.
धाराशिवला जाऊन सोनो. झाली. आधी तांब्याभर पाणी प्यायला लावलं, वर "दाबून धरा" म्हणे. नंबर येईपर्यंत वर्गात पोरं एक बोट वर करून का रडकुंडीला येत ते कळलं.
गाठ आहे. उजव्या अंडाशयावर. डॉक्टरीणबाई सुनेच्या वयाची. "आजी, मोसंबीपेक्षा मोठी आहे." म्हटलं, आजी नको, बाई म्हणा. "बरं बाई, ह्या वयात ठेवून चालत नाही. गर्भाशयासकट काढून टाकू. गाठ तपासायला पाठवू."
"का?"
"सगळ्यांचीच पाठवतो." हे मात्र त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. आख्खी नोकरी मी अशा पोरांची चोरी धरण्यात घालवली.
येताना हे म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, पोटाचंच काहीतरी आहे?"

२७ डिसें., शनि.
स्टेशनजवळच्या टपरीवर ह्यांनी मोसंबीची पपई केली. दुपारी पिठाच्या गिरणीत ती खरबूज झाली होती. संध्याकाळी भिंतीपलीकडून म्हशीला बातमी मिळाली, "टरबूज घिऊन हिंडायल्यात बाया, अन् निदान म्हशीसारखं एका जागी बसावं तर तेबी न्हाय."
महेशचा पुण्याहून फोन. "आई, इकडंच ये, मोठं हॉस्पिटल आहे." नको म्हटलं. मागं पुण्यात हे लिफ्टमध्ये घुसलेल्या माणसांना "पुढं सरका, पुढं मोकळं आहे" म्हणाले होते. ऑप. माझं, आणि सांभाळायचं ह्यांना.
 महेश म्हणाला, "मी येतो." ये बाबा.

५ जाने., सोम.
रक्त, लघवी, हृदयाची पट्टी, छातीचा फोटो. सगळं झालं. साखर थोडी वर. संक्रांतीनंतर ऑप. तोवर गोड बंद. म्हणजे मुद्दाम संक्रांतच मध्ये घातली.
कॅन्सर हा शब्द कुणीच उच्चारला नाही. मीही इथं पहिल्यांदाच लिहितेय. लिहून बघितला. शब्द म्हणून काही अवघड नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
बायका वाण घ्यायला आल्या. प्रत्येकीला असंच ऑप. झालेली कुणी ना कुणी माहीत. एकीची मावशी, एकीची नणंद, एकीच्या गावची सरपंचीण. सगळ्यांचं वर्णन रंगात आल्यावर शेवटी "पण तुमचं तसं काही होणार न्हाय बघा." मग मावशीचं काय झालं, असं मी विचारलं. मावशीवाल्या बाई वाण उचलून गेल्या.
दुपारी भिंतीवर वाटीत तिळगूळ. थोरलीच्या घरून. मीही एक वाटी ठेवली. दोन्ही वाट्या संध्याकाळपर्यंत तशाच उन्हात. गोड बोला असं आधी म्हणायचं कुणी? शेवटी हे आले आणि दोन्हीतला तिळगूळ उभ्याउभ्या खाऊन टाकला.

१८ जाने., रवि.
उद्या ॲडमिट. पिशवी भरली. दोन गाऊन, टॉवेल, तांब्या, जपमाळ (वापरात नाही, पण असावी). ह्यांनी स्वतःची वेगळी पिशवी भरली. तीत रेडिओ, बॅटरी आणि अडकित्ता. अडकित्ता कशाला विचारलं तर म्हणाले, "असू दे."
मरणाची भीती वाटत नाही असं महेशला फोनवर ठणकावून सांगितलं. मग ह्यांना स्वयंपाकघरात नेऊन हळद, तिखट, डाळी, पापडांचा डबा, सगळं दाखवलं. हे मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "तू परत येणारच आहेस की. मग कशाला पाठ करू?"  मी मीठ दाखवायचं राहिलं म्हणून मीठ दाखवलं.

१९ जाने., सोम.
सकाळी बसमध्ये चढलो तर पुढच्या सीटवर थोरली! मांडीवर बोचकं. खिडकीबाहेर बघत.
हे म्हणाले, "वहिनी, तुम्ही कुठं?"
"दवाखान्यात. कुणाचं तरी ऑप्रेशन हाय म्हनं."
"अहो, हिचंच आहे."
"असंल."
धाराशिव आल्यावर बोचकं घेऊन आमच्या मागोमाग उतरली. वॉर्डात माझ्या खाटेशेजारी चटई अंथरली आणि सिस्टरला सांगितलं, "मी हिची जाऊ. ऱ्हाणार हाय." सिस्टरनं मला विचारलं, चालेल ना? मी ह्यांना म्हटलं, "सांगा, खाट पेशंटची असते, चटई कुणीही टाकावी." ह्यांना काही कळलं नाही. सिस्टरलाही नाही. थोरलीला बरोबर कळलं, कारण तिनं चटई आणखी जवळ ओढली.

२० जाने., मंगळ., सकाळी
कालपासून उपाशी. एनिमा. त्याबद्दल लिहिणार नाही.
बांगड्या साबण लावून काढल्या. मंगळसूत्र ह्यांच्या खिशात. आता सिस्टर म्हणतेय दातांची कवळी काढून द्या. हे औषधं आणायला खाली गेलेत, महेश अजून टेंभुर्णीच्या पुढं आलेला नाही. समोर थोरली हात पसरून उभी. आमच्या घरात कुणी मला बिनदाताचं पाहिलेलं नाही, ह्यांनीसुद्धा अंधारातच.
दिले.
तिनं बघितले, पदराला पुसले आणि

२२ जाने., गुरु.
वाचले. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.
शुद्धीवर आले तेव्हा समोर तीन थोरल्या दिसत होत्या. महेश सांगतो, मी पहिलं वाक्य बोलले ते, "आक्का, दात द्या." ह्याला नाही, ह्यांना नाही, थेट तिला! इतक्या वर्षांचा अबोला भुलीच्या अंमलात मोडला. मी हे धरत नाही.
थोरलीनं चंची सोडली. पान, चुना, सुपारी बाजूला सारून आतून माझी कवळी काढली. रुमालात गुंडाळलेली होती, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. पण तोंडात घातली आणि जन्मात न खाल्लेल्या काताची चव आली. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, वास घेतला, म्हणाल्या, "बाई, तंबाखू खाता?"
गाठ पूर्ण निघाली. तपासायला गेली.

२३ जाने., शुक्र.
"गॅस पास झाला का?" डॉ., सिस्टर, झाडणारी मावशी, सगळ्यांचा एकच प्रश्न. तो पास झाल्याशिवाय पाणी नाही. मी एवढे निकाल लावले, पण कुणाच्या पास होण्याकडं इतक्या लोकांचे डोळे लागलेले पाहिले नाहीत. महेश माझ्याकडं न बघता विचारतो, "आई, काही... प्रगती?"
दुपारी झाला. हे व्हरांड्यात जाऊन फोनवर सूनबाईला ओरडून, "पास झाली! पास झाली!" शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या नवऱ्यानं अभिनंदन केलं आणि विचारलं, कुठली परीक्षा?
थोरली सलाईनच्या स्टँडला म्हणाली, "आता चमचाभर पानी द्यावं म्हनं." म्हैस नाही तर स्टँड. चमचा मात्र माझ्या तोंडाशी तिनंच धरला.

२५ जाने., रवि.
हसायचं नाही, खोकायचं नाही, टाके आहेत. दुपारी हे खुर्चीत पेंगत होते. एकदम झोपेतच, "येरमाळा! येरमाळा! चला उतरा लवकर!" पलीकडचे एक म्हातारे दचकून उठले आणि पिशवी घेऊन दाराकडं निघाले.
पोटावर उशी दाबून मी हसले. डोळ्यांतून पाणी, टाक्यांतून कळा. थोरली तोंडात पदर कोंबून हलत होती. आमची नजरानजर झाली. तिनं लगेच स्टँडकडं बघितलं. मी सलाईनचे थेंब मोजत बसले.

२७ जाने., मंगळ.
घरी. पोटाला पट्टा. महेश पुण्याला गेला. जाताना पाया पडला तो आधी थोरलीच्या, मग माझ्या. योग्यच, पण ऑप. माझं झालंय.

२ फेब्रु., सोम.
ह्यांनी आज वरण केलं. त्यात डाळ शोधावी लागली. तेवढ्यात भिंतीवर झाकलेलं पातेलं. हुलग्याचं माडगं, वरून तूप. मी ह्यांना मोठ्यानं म्हटलं, "मीठ जरा कमी आहे." पलीकडून म्हशीला उत्तर, "आजाऱ्याच्या जिभंला कशाचीच चव नसती, माहिताय न्हवं तुला?"
दोन वाट्या प्यायले.

४ फेब्रु., बुध.
रिपोर्ट. डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी तोंडाकडं बघून सांगितलं, "कॅन्सर नाही. पण अगदी साधीही नाही. बॉर्डरलाइन म्हणतात. निघालीय सगळी, तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचं."
ह्यांनी डोळे पुसले, मग विचारलं, "म्हणजे पास का नापास?"
"पास. पण लक्ष ठेवू."
आम्ही घरी आलो तर थोरली दारातच. ह्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "बॉर्डरवर? कोनत्या, कर्नाटकाच्या?" पण हातानं दाराची चौकट घट्ट धरलेली होती, ती ऐकल्यावर सोडली. 
मला आनंद झालाय की नाही ते कळत नाही. तीन महिन्यांनी परत मोसंबी, पपई, खरबूज...

८ फेब्रु., रवि.
नळाला पाणी आलं. हे बाहेर. कळशी अर्धीच होती, म्हणून उचलायला वाकले.
"सुमेऽऽ! ठिव ती कळशी खाली!"
नळावरच्या बायका थिजल्या. थोरली अनवाणी धावत आली, कळशी हिसकावली आणि तोंडाचा पट्टा सुरू, "अक्कल शाळंत इसरलीस का? टाकं तुटल्यावर पुना चटई घिऊन मीच बसू का तिथं?" थेट मला. मध्ये म्हैस नाही, स्टँड नाही.
मीही म्हणाले, "आक्का, ओरडू नका, लोक बघतात."
"बघू दे!"
मग दोघींनाही काय झालं ते कळलं. ती कळशी घेऊन माझ्याच घरात शिरली. मी मागोमाग. चहा केला. दोघी प्यायलो. चहा पाणचट आहे म्हणाली. हे मात्र मला सांगितलं.

१३ फेब्रु., शुक्र.
दुपारी हे पारावर गेल्यावर थोरली आली. दार लोटलं. बसली, उठली, परत बसली. सुपारी कातरली, खाल्ली नाही.
"सुमे, मला बी... अंगावरनं लाल जायलंय. दिवाळीपासनं."
सत्तरी ओलांडलेली बाई. मी पुस्तक मिटलं. "कुणाला सांगितलंत?"
"कुनाला सांगू? मालक न्हाईत, पोरगा तिकडं नाशकाला. अन् हे काय पोराला सांगायचं असतंय?"
"मग इतके दिवस? दवाखान्यात माझ्याजवळ होतात, तिथल्या तिथं दाखवायचं ना!"
"आधी तू जित्ती भाईर यितीस का ते बघत व्हते."
 हसू आलं, राग आला. तिच्या मांडीवरचा हात बघितला, तो लहान पोरासारखा पदराचं टोक पिळत होता. सासूबाई गेल्या तेव्हाही ती रडली नव्हती.
दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या पोरीनं नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं. थोरलीनं माझा दंड धरला. "साठ सांग."
"आक्का, डॉक्टरांना खरं सांगावं लागतं."
"मग बासष्ट."
"मीच त्रेसष्टची आहे!"
"मग तूच हो थोरली."
पोरगी हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी म्हटलं, वय पेशंट आल्यावर सांगतील.
सोमवारचा नंबर मिळालाय. मला अजून बसचे धक्के नको म्हणून सांगितलंय, पण जाणार. ह्यांना काय कारण सांगायचं ते तिनं ठरवलंय म्हणे. मला अजून सांगितलेलं नाही.