डाव्या मांडीचा असहकार

२ फेब्रुवारी
आजपासून नवं आयुष्य. जिम लावली.
काल जेवताना साडूंनी माझ्या पोटात बोट खुपसून विचारलं, आत कोण राहतं? सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त हसली. मीही हसलो, पण ते निव्वळ सभ्यता म्हणून. एप्रिलमध्ये शहरातली पाच किलोमीटरची रेस आहे. साडू दरवर्षी पळतात. यंदा मीही पळणार आणि त्यांच्या पुढे पळणार, असं तिथल्या तिथे जाहीर केलं. नाव नोंदवलंसुद्धा. आता माघार नाही.

५ फेब्रुवारी
ट्रेनर म्हणाला, आधी वॉर्मअप करा. त्याला सांगितलं की मी कॉलेजात हर्डल्स पळायचो. (एकदाच पळालो होतो. पहिल्या हर्डलपर्यंत. पण एवढ्या तपशिलात शिरायची गरज नव्हती.) वॉर्मअप नवशिक्यांसाठी असतो.

८ फेब्रुवारी
शेजारच्या ट्रेडमिलवर सत्तरीच्या एक आजी. स्पीड माझ्यापेक्षा जास्त. मी बटण दाबलं. त्या शांत. त्या शांतपणात मला आव्हान दिसलं. पुन्हा दाबलं.
डाव्या मांडीच्या मागे जाड रबरबँड तुटावा तसं झालं. पट्ट्यावरून सामान वाहत यावं तसा मागे आलो. मशीन आजींनीच बंद केलं. म्हणाल्या, हळू रे बाळा.
घरी बायकोने विचारलं, अहो, लंगडताय का? नवा बूट चावतो म्हणालो. मी बुटांच्याच दुकानात मॅनेजर असल्यामुळे तिला ते पटलं नसावं.

९ फेब्रुवारी
स्वतःच उपचार केले. तेल कडकडीत गरम करून मांडी दणकून चोळली. वेदना म्हणजे स्नायू बरा होत असल्याची खूण.

१० फेब्रुवारी
खूण वाढली. मांडी निळी-जांभळी. बायकोने हाताला धरून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं.
बाईंनी विचारलं, हे चोळलं कोणी? मी छताकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं.
स्नायूचे काही धागे फाटलेत म्हणे. चोळणं, शेकणं बंद. बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवायचा, क्रेप बँडेज बांधायचं, पाय उशीवर. दुखणं ओसरलं की हलके व्यायाम, मग चालणं, आणि पळणं त्या सांगतील तेव्हाच. रेसचं विचारलं तर म्हणाल्या, बघू. ‘बघू’ म्हणजे हो.
बायको सगळं मोबाइलवर टिपून घेत होती. माझं सगळं लक्षात राहतं.

१३ फेब्रुवारी
बर्फ कपड्यात गुंडाळायचा राहिला. आता वरून कातडीही भाजली.

१७ फेब्रुवारी
दुकानात एका गिऱ्हाइकाला रनिंग शूज दाखवले. कुशन कसं, ग्रिप कशी, सगळं चालून दाखवलं. त्याने विचारलं, तुम्ही घातलाय तो हाच का? हो म्हणालो. तो नमस्कार करून निघून गेला.
संध्याकाळी मालकांनी मला घरगुती स्लिपरच्या काउंटरवर बसवलं. बसून काम, उंच स्टूल. म्हणजे स्वतंत्र विभागच दिला म्हणायचा. बायकोला ‘बढती’ म्हणून सांगितलं. तिने विचारलं, पाय बरा झाला नाही तर ही बढती कायमची का? असं अशुभ बोलायची तिला सवय आहे.

२२ फेब्रुवारी
व्यायाम सुरू. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, टाचांवर जोर देऊन कंबर उचलायची. बायको शेजारी सतरंजीवर झोपून करून दाखवते. मला एकदा बघून समजलं. समजल्यावर परत परत करण्यात काय अर्थ? ती मात्र रोज करत राहते. तिला समजायला वेळ लागतो.

१ मार्च
चालायची परवानगी. रोज संध्याकाळी दोघं तळ्याभोवती. बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून असं बरोबरीने चाललोच नाही आपण. मी म्हणालो, नेहमी तर जातो बरोबर. ती म्हणाली, बरोबर कुठले, तुमची पाठ बघत यायचे मी.
बाकावर बसलो. ती म्हणाली, बसा तुम्ही, मी अजून एक फेरी मारून येते.

७ मार्च
पाय शंभर टक्के ठीक. नव्वद तरी. बाईंनी अजून पळू नका म्हणून बजावलंय, पण पाय माझा आहे, आतून कळतं.

८ मार्च
दुकानातून येताना समोरच्या फुटपाथवर साडू पळताना दिसले. टी-शर्ट घामाने भिजलेला, पोट आत. हात करून म्हणाले, काय मग, येताय का?
गेलो.
विजेच्या खांबापर्यंत मी पुढे होतो, याला साडू स्वतः साक्षीदार आहेत. खांबाला मिठी मारून उभा राहिलो. साडूंनी पाठुंगळीला घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत आणलं. दम त्यांना लागला नाही. मला लागला.
बायकोने बर्फ काढला, कपड्यात नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च
आधीपेक्षा जास्त फाटलंय. रेस रद्द. बाईंनी विचारलं, व्यायाम रोज होत होते ना? कंबर उचलून दाखवा. उचलली. पोटरीत पेटका आला. मग बायकोने दाखवून म्हटलं, असंच ना हो? बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, ताई, तुम्ही पळत का नाही?
मी विनोद म्हणून म्हणालो, माझाच नंबर घेऊन पळ की. दोघींपैकी कोणी हसलं नाही.

१६ मार्च
संयोजकांनी माझ्याऐवजी बायकोचं नाव लावून दिलं. असले नियम कडक हवेत. बायकोने बूट माझ्या सल्ल्याने घेतले. (तिने निवडले. मी ‘हो’ म्हणालो.)

२ एप्रिल
ती पहाटे तळ्याभोवती पळते. मी बाकावर बसून मार्गदर्शन करतो. ती लांब असल्यामुळे ऐकू जात नाही.

१२ एप्रिल
रेस. मी फिनिश लाइनला काठी टेकून उभा. हातात सगळ्यांच्या पिशव्या. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं. बायको रेस अर्ध्यावर सोडेल, म्हणून.
साडू आले. पदक घेतलं, केळं खाल्लं. माणसं येत राहिली, मग विरळ झाली. तिचा पत्ता नाही. मी ज्याला त्याला विचारत सुटलो, निळा टी-शर्ट, पन्नाशीच्या बाई, कुठे पडल्याबिडल्या तर नाहीत ना? स्वयंसेवक म्हणाला, काका, बसा. कसला बसतोय.
मग वळणावर दिसली. चेहरा लालबुंद. चालत नव्हती, पळत होती! मी एवढ्याने ओरडलो की शेजारच्याने कान झाकले. नाव घेऊन ओरडलो. तिचं नाव मी चारचौघांत घेत नाही. रस्त्यावर धूळ फार होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.
साडूंनी विचारलं, ताई, कोच कोण तुमचा? मी पिशव्या खाली ठेवून ताठ उभा राहिलो. ती धापा टाकत म्हणाली, कोच कुठला! व्यायाम यांचे होते, मी करायचे, हे शेजारी झोपून बघायचे.
सगळे हसले. मीही. खरंच हसू आलं.
मग फोटो. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, काका, फक्त पळालेले. जरा बाजूला.
तीन ढांगांत बाजूला झालो. तिसऱ्या ढांगेला उजवी पोटरी धरली.