शिडाचं पोट

बाबा,

पक्कं झालं. आज दुपारी चारच्या सुमाराला विलायतेहून फोन आला, आणि तिथल्या एका मोठ्या संग्रहालयात कपड्यांचा विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलं की मी केलेला तपकिरी झगा त्यांनी कायमचा ठेवून घ्यायचं ठरवलंय. मी दोनदा विचारून घेतलं. "कायमचा म्हणजे किती वर्षं?" त्या हसल्या, म्हणाल्या, "आमची भिंत उभी आहे तोवर." मार्चमध्ये तो काचेआड उभा राहणार. फोन ठेवला आणि ऐंशीच्या घरातली ही बाई घरातल्या घरात तीन फेऱ्या मारून आली, अनवाणी. मग वाटलं, आता हे सांगायचं कुणाला? तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. तरी लिहायला बसलेय, कारण फोन ठेवता ठेवता बाईंनी एक प्रश्न विचारलाय. झग्याशेजारी छोटी पाटी लागेल, तिच्यावर दोन ओळी हव्यात: या कापणीला काय म्हणतात, आणि ती मी कुठे शिकले. "सगळीकडे पॅरिस असंच छापलंय, तेच ठेवू ना?" मी म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगते. जन्मभर ठरल्या तारखेला काम हातावेगळं करत आले, उत्तराला मुदत मागून घ्यायची ही पहिलीच वेळ. आणि उत्तर तर मला बाराव्या वर्षापासून माहीत आहे.

आपल्या घरामागचा कातळ आता डोळ्यांसमोर आहे. पन्नासच्या दशकातली ती वर्षं, रत्नागिरीच्या मांडवी बंदरात आगबोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. तुम्ही कातळावर शिडाचं कापड अंथरताय. बंदराकडून वारा वर येतो म्हणून चारी कडांना जांभ्याचे चिरे ठेवलेत. पायांतल्या वहाणा काढून तुम्ही कापडावर चालू लागता, टाच आधी, मग चवडा, देवळात चालावं तसे हळू. मी कडेला बसून बघतेय. "डोळ्याला कापड फसवतं गो," तुम्ही म्हणता, "तळव्याला नाय फसवत. कुठं ताणलंय, कुठं सैल हाय, पाय बरोबर सांगतो." एकदा मी ओल्या पायांनी मधे आले, तेव्हा असे ओरडलात की शेजारची कुत्री उठून गेली. मग कोळशानं रेघा मारता. पट्ट्यांच्या कडा मधे किंचित फुगीर. मी शहाणपणा करते, "बाबा, सरळ कापा ना. शिंपी सगळे सरळ कापतात." तुम्ही मान वर न करता म्हणता, "सरळ कापायला अक्कल नाय लागत, पट्टी लागते."

त्या फुगीर कडा एकमेकींना सरळ शिवल्या की सपाट कापडाला खोलगट आकार येतो, आणि त्या खोलगटपणाला तुम्ही 'पोट' म्हणायचात. ते असलं की वारा आत बसतो. नसलं तर शीड म्हणजे वाळत घातलेलं धोतर, हे तुमचंच वाक्य. ज्यांच्या मचव्याचं शीड होतं ते तांडेल एकदा कंबरेवर हात ठेवून बघत उभे होते. म्हणाले, "या टायमाला पोट जरा बेतानं द्या. मागच्या खेपेला शीड गरोदर दिसत व्हतं." तुम्ही म्हणालात, "गरोदर हाय म्हणून घरी आणलंन तुला. सपाट असतं तर गोव्याला नेऊन टाकलं असतंन." तांडेल इतके हसले की खोकायला लागले.

त्याच वर्षी शाळेच्या संमेलनासाठी मला मुंबईसारखा फ्रॉक हवा होता. आमच्या वर्गातल्या एका डॉक्टरांच्या मुलीला तसा बोटीतून आला होता, कमरेला पट्टा, खाली घेर. मी शिंप्याकडे चला म्हणून मागे लागले आणि तुम्ही म्हणालात, "शिंपी कशाला? मी हाय ना." आई चुलीपाशी मासे परतत होती, तिथून बोलली, "अहो, पोरीला घालायचाय तो. डोलकाठीला नाही बांधायचाय." तुम्ही नुसतं, "तू बघच गो."

माप कसं घेतलंत ते मी पुढे जगात कुठेही पाहिलं नाही. गाठी मारलेली दोरी घेऊन मला कातळावर चालायला लावलंत, आधी वाऱ्याच्या तोंडावर, मग वारा पाठीशी घेऊन, आणि मी चालत असताना मागून मापं घेत आलात. मी थांबले की ओरडायचात, "चाल, चाल! उभ्या माणसाचं माप घेऊन काय करू? उभी होडी किनाऱ्यावर असते." एका हलक्या शिडातला नवा मांजरपाट उरला होता, तो कापलात. जाळी रंगवायला ऐनाची साल उकळून ठेवली होती, त्याच पाण्यात बुडवलात. वाळल्यावर तांबूस तपकिरी रंग आला, कोकमाच्या आगळासारखा नाही, जांभ्यासारखाही नाही, दोन्हींच्या मधला. आणि पाठीला पोट दिलंत.

संमेलनाच्या दिवशी मी तो घालून खाली उतरले. आता पहिल्यांदा सांगते: बंदराच्या रस्त्यावर वारा मागून आला, पाठीत भरला, आणि पहिली पन्नास पावलं माझी मलाच चालावी लागली नाहीत. इतकं हलकं मला पुढे विमानातही कधी वाटलं नाही. पन्नास पावलं. मग शाळेच्या फाटकाशी मुलींनी पाहिलं. "आली गो आली, फत्तेमारी आली!" एक म्हणाली, "नांगर टाक गो, नाहीतर जाशील मुंबईला!" मी स्टेजवर चढले तेव्हा खिडकीतून वारा आला आणि पुन्हा पाठ फुगली. पुढच्या ओळीतल्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं की झगा करवंदीच्या जाळीत अडकून फाटला. पाठीवर वरपासून खालपर्यंत. तुम्ही तो उजेडात धरलात. तुमचा अंगठा फाटक्या कडेवरून खाली सरकत गेला, मधे एका जागी थांबला, पुन्हा सरकला, पुन्हा थांबला. "करवंदीचा काटा हल्ली बराच सरळ फाडतो गो," एवढंच म्हणालात. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून झगा जोरानं ओढून बघितलात आणि तुमचा चेहरा उजळला. आईला हाक मारलीत, "इकडं बघ! कापड गेलं, पण शिवण धरली!" त्या झग्याच्या कापडावर आईनं नंतर कितीतरी वर्षं आमसुलं वाळत घातली. तुम्ही पुन्हा माझ्यासाठी काही शिवलं नाहीत, आणि मीही मागितलं नाही.

मी शिवणकाम शिकायला मुंबईला निघाले तेव्हा मचव्यांना इंजिनं बसायला लागली होती आणि तुमच्या कातळावर आई भात वाळवायची. पडावात चढताना तुम्ही तुमची कातर फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलीत. ज्या कातरीला घरात कुणाचा हात लागू द्यायचा नाहीत, ती कातर! मी म्हटलं, "बाबा, मला हिची सवय नाही." तुम्ही म्हणालात, "ने. हिला तुझा हात म्हाईत हाय." मला वाटलं, निरोप देताना माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो.

मुंबईतून मी पॅरिसला गेले, कपड्यांच्या एका मोठ्या पेढीत, एका हिवाळ्यापुरती. पहिल्याच आठवड्यात मला कोटाची पाठ कापायला दिली. टेबलावर मला काही उमगेना, म्हणून कापड जमिनीवर अंथरलं, बूट-मोजे काढले आणि त्याच्यावर चालू लागले. शिवणाऱ्या मुली खिदळायला लागल्या. तिथले मुख्य कापणारे, चष्मा कपाळावर चढवलेले म्हातारे गृहस्थ, येऊन उभे राहिले. मी कडा फुगीर कापल्या. टाचून, पुतळ्यावर चढवून झालं तेव्हा ते पुतळ्याभोवती फिरले आणि पाठीत हाताचा पंजा घालून बघितला. "कुठे शिकलीस?" माझ्याजवळ त्यांच्या भाषेतले चार शब्द, त्यातला एक वापरला: घरी. ते म्हणाले, "घर चांगलं दिसतंय." ते खरं बोलणं तिथेच संपलं, बाबा. वर्षभरानं, माझं स्वतःचं काम लोकांना दिसू लागलं तेव्हा, एका बातमीदारानं विचारलं, "ही पाठ म्हणजे पॅरिसचीच शिकवण ना?" मी नुसती हसले. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं, आणि छापून आलं की ते आपल्यापेक्षा मोठं होतं. वडील काय करत विचारलं की मी म्हणायची, जहाजाच्या धंद्यात होते. एका बाईंनी तर आमच्या बोटी किती होत्या असंही विचारलं. काय सांगू? फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या मुली माझ्या कानांतून गेल्याच नव्हत्या.

पुढे एका मासिकातही तेच आलं, माझ्या कोटाच्या चित्रासकट, आणि ते मी तुम्हाला आणून दाखवलं होतं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुम्ही चित्र नाकाशी धरलंत आणि लगेच म्हणालात, "पाठीला पोट दिलंस!" पुतळ्याभोवती फिरणाऱ्या त्या गृहस्थांइतकंच तुम्ही ते झटकन ओळखलंत. मग म्हणालात, "वाच गो, काय लिवलंय." मी वाचलं. कुठे शिकली, हे वाक्य गाळून वाचलं. तुम्ही विचारलंत, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

तुम्ही गेल्यावर दोन-तीन वर्षांनी मी कापडं बघत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंडत होते. एका लहानशा बंदरात, माडाखाली, एक म्हातारा शिडाच्या कापडावर अनवाणी चालत होता. टाच आधी, मग चवडा. मी रस्त्यातच थांबले. चपला काढल्या आणि विचारायचं भान न राहता त्याच्या कापडावर चढले. तो ओरडणार एवढ्यात त्यानं माझे पाय बघितले. आम्ही दोघं पाठोपाठ चालत गेलो, एका जागी मी थांबले, त्याच जागी तोही थांबला, कापड तिथे सैल होतं. मी शिडाकडे बोट दाखवलं आणि भाषा नसल्यामुळे स्वतःच्या पोटावर थाप मारली. त्यानं आपल्या पोटावर मारली. मग आम्ही दोन अनोळखी माणसं भर दुपारी पोटावर थापा मारत हसत सुटलो. तो तपकिरी झगा मी तिथून परतल्यावर नऊ दिवसांत केला. मांजरपाट, ऐनाची साल, अकरा पट्ट्या, एकही कड सरळ नाही. तो घालून दाखवणार होती त्या मुलीला मापं घ्यायला गच्चीवर चालवलं आणि मागून ओरडत राहिले, "चाल, चाल!" त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कारागिरानं 'पोट' हा शब्द उचलला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं माझ्या टेबलाशी येऊन विचारायची, "पोट किती?" त्यांना वाटायचं, हा पॅरिसचाच शब्द असावा.

तर पाटी मी लिहून ठेवलीय. पहिली ओळ: 'पोट: शिडं शिवणाऱ्यांची कापणी.' दुसरी: 'वडिलांकडून शिकले, रत्नागिरीच्या कातळावर.' पुस्तकांतलं पॅरिस चुकीचं होतं आणि ते मी चुकू दिलं, हेही बाईंना सांगणार आहे. कुणी हसलं तर हसू दे, माझं आता हसण्यावारी नेण्याचं वय झालं. शिवाय फोनवरच एक अट घातलीय. झग्यामागे, कुणाला दिसणार नाही असा, एक लहान पंखा हवा. नाहीतर लोक काय बघणार, वाळत घातलेलं धोतर? जुन्या कापडांची निगा राखणाऱ्यांना विचारून त्याचंही शुक्रवारीच कळवते म्हणाल्यात.

आणि तुमची कातर. तिच्या पात्याला टोकापासून चार बोटांवर एक खाच आहे. लांब कापत गेलं की दर कापाला त्या जागी एक धागा ओढला जातो. मुंबईत तिनं पहिलं कापड कापलं तेव्हा मी त्याची कड तुमच्यासारखी अंगठ्यानं चाचपून बघितली, सरकवत, थांबत, सरकवत, आणि कातर खाली ठेवून बसून राहिले. तिला माझा हात का माहीत होता ते तेव्हा कळलं. करवंदीची जाळी नव्हती, बाबा. मी होते, आणि तुमचीच कातर होती.

हे पत्र तिच्याच डब्यात ठेवतेय. शुक्रवारी पाचला फोन येईल. बाई आधी पंख्याचं सांगतील, मग 'पोट' कसं म्हणायचं ते विचारतील. नीट जमेपर्यंत मी त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावणार आहे.