हिच्या बाजूची काच

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान वेळेवर उघडलं. सकाळी गर्दी नव्हती. एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं पाठ करून आले होते. मी दुसरा तक्ता लावला आणि तरी त्यांनी जुनीच अक्षरं म्हटली. दोघंही हसलो. नंबर बराच वाढलाय त्यांचा.

दुपारी चष्म्यांच्या जुन्या पेट्या घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने त्या घेतल्या नाहीत.

तिथे ते टेबल होतं.

तेच. काठावर सिगारेटचा डाग, काचेच्या कोपऱ्याला टवका. बसस्टँडसमोरच्या कॉफीहाउसमधलं. ते बंद झालं तेव्हा सगळं सामान यानेच उचललं म्हणे. वर गोण्या ठेवल्या होत्या. मी त्या बाजूला केल्या तर म्हणाला, चष्मेवाले, ते बिघडलंय हं, आधीच सांगतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

कामात लक्ष नव्हतं.

लग्न ठरल्यापासून लेकीचा जन्म होईपर्यंत दर रविवारी मी आणि ही त्या टेबलाशी बसायचो. व्हिडिओ गेमचं टेबल ते: काचेखाली पडदा, दोन्ही बाजूंना एकेक स्टूल, समोरासमोर. काळं आकाश, वरून भुंगे उतरायचे, खालून विमानाने ते टिपायचे. एकाचं विमान पडलं की चित्र गर्रकन उलटं फिरायचं आणि समोरच्याची पाळी.

पहिली पाळी हिची. ती चालू असेपर्यंत मला सगळं उलटं दिसायचं. मला काय त्याचं! मी खेळ बघतच नव्हतो. पडद्याचा उजेड खालून हिच्या हनुवटीवर पडायचा. खालचा ओठ दातात धरून खेळायची. एरवी इतका वेळ बघू दिलं नसतं. लगेच "काय बघताय?" म्हणाली असती. तिथे मान वर करायला फुरसत नसायची.

माझी पाळी आली की मी विमान पाडून मोकळा. मुद्दाम. की परत हिची पाळी.

हे कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

लवकर कुलूप लावून गेलो. दुकानदाराने वायर जोडून दाखवली. माझ्या बाजूला तोच पिंपावर बसला, म्हणून मला हिच्या बाजूला बसावं लागलं. आजवर कधी बसलो नव्हतो.

चित्र आलं. भुंगे, विमान, तोच टिणटिण आवाज. मी बटण दाबायचंच विसरलो.

थोड्या वेळाने चित्र फिकट होत होत गेलं. आवाज चालूच. खाली नुसती काळी काच आणि काचेत दुकानदार, अगदी स्वच्छ. काडीने दात कोरत होता.

"मॉनिटर तापला की झोपतो," म्हणाला. "माझ्या सासऱ्यासारखं आहे. पोट भरलं की पुढचं आपण काही विचारायचं नाही."

मी म्हटलं, बघतो. तर म्हणाला, पैशांचं राहू द्या, घरातलं काही जुनं असेल तर बदल्यात द्या. दवाखान्यात असतात तसे लोखंडी पलंग हल्ली हातोहात जातात.

मी टेबलाचं माप घेतलं आणि निघालो.

८ फेब्रुवारी, रविवार

पलंगावरची चादर बदलली. दर रविवारी बदलतो.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी आहे. हँडल फिरवलं की उशाकडून वर होतो. शेवटी शेवटी हिला आडवं झोपवत नसे, तेव्हा आणला. हिला रस्ता दिसावा म्हणून खिडकीशी लावला. कोण कधी कामावरून येतं ते हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं होतं. समोरची नर्स आज उशिरा आली, पोस्टमनने नवे बूट घेतले, असं मी घरी आलो की ऐकायला मिळायचं.

टेबलाचं माप घेऊन आलो होतो. पलंगाच्या जागेखेरीज कुठेच बसत नाही. फ्रीज हलवून पाहिला. पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीत ढकलून पाहिलं. मग दार उघडेना म्हणून परत आणलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

नको. या वयात खेळणं, तेही बिघडलेलं. नको.

११ फेब्रुवारी, बुधवार

मागच्या गल्लीतल्या टीव्हीवाल्याला टेबल दाखवायला जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. नुसतं दाखवायला. त्याने खालची फळी काढून आत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. दुकानदार म्हणाला, जेवायला हाक मारू का?

पिक्चर ट्यूब थकली आहे म्हणे. तशी आता मिळत नाही. आहे तसं ठेवलं तर थोडा वेळ चित्र दिसेल, मग विश्रांती, मग परत थोडा वेळ. नाहीतर ट्यूब काढून नवा चपटा पडदा बसवायचा. तो दिवसभर चालेल.

मी म्हटलं, पडदा बदलायचाच तर वरची काचही बदलू. आम्ही चष्म्याला देतो तशी, चकाकी न येणारी. समोरच्याचं तोंड दिसत राहिलं तर माणूस खेळणार कसा? दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगतो, तोंडात बसलंय. काच मीच मागवतो म्हटलं.

म्हणजे घ्यायचं ठरलं की काय? पलंगाचं तर काहीच ठरलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काचेची ऑर्डर दिली. कशासाठी हवी ते सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. आल्या आल्या पलंगावरच्या नव्या चादरीकडे बघितलं आणि पिशवी खाली न ठेवता तशीच उभी राहिली. बाबा, अजून किती दिवस, म्हणाली. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तुम्ही जेवतासुद्धा त्याच्याकडे तोंड करून.

विषय बदलावा म्हणून टेबलाचं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. आई त्याबद्दल सांगायची, म्हणाली.

मी विचारलं, काय सांगायची?

"म्हणायची, तुझे बाबा मुद्दाम हरायचे."

मी म्हटलं, शक्य नाही. खेळताना तिने कधी मान वर केली नाही. तिला कसं कळणार?

"ते मला नाही माहीत. मी तिला विचारलं होतं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, मी बोलले असते तर ते नीट खेळायला लागले असते ना."

मग ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. सकाळीच घासून ठेवलेली होती मी. तिला तसं सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हिला कसं कळलं?

एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. घालून बघितला आणि म्हणाल्या, अहो, आज तुमचं कुठे लक्ष आहे?

नवरा मुद्दाम हरतो एवढं कळणं मोठं नाही. कुणालाही कळेल. पण नीट खेळायला लागले असते, हे कसं म्हणाली? मी हरून काय करत होतो तेही ठाऊक असल्याखेरीज कुणी असं म्हणणार नाही.

वर्ष होत आलं. विचारायला कुणी नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुकानदाराला सांगून आलो. शनिवारी टेबल घेऊन या, पलंग घेऊन जा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पलंग गेला. दाराच्या चौकटीत अडकला तेव्हा दुकानदार म्हणाला, याचा जायचा विचार दिसत नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. पुढे सगळं हळू केलं त्याने. हँडल मी काढून ठेवलं होतं. त्याला ते दिसलं, पण मागितलं नाही.

टेबल खिडकीशी बसलं. स्टूलं मिळाली नाहीत म्हणून दोन्हीकडे जेवणाच्या खुर्च्या ठेवल्या. चालू केलं नाही. फरशीवर पलंगाच्या पायांचे डाग आहेत. काही टेबलाखाली गेले, काही बाहेर राहिले.

नवी काच आली आहे. टीव्हीवाला मंगळवारी येणार, पडदा आणि काच दोन्ही बसवायला.

२२ फेब्रुवारी, रविवार

चादर बदलायची नव्हती. दुपारी टेबल चालू केलं आणि हिच्या बाजूला बसलो. भुंगे आले. समोरच्या माझ्या खुर्चीच्या पाठीवर कालचा शर्ट टाकलेला. खेळाच्या काळ्या आकाशात तो दिसत होता. चित्र गेल्यावर तर गुंडी न् गुंडी दिसली. मान खालीच होती माझी.

शर्टाच्या वर माझं तोंड असायचं.

मला वाटायचं मी चोरून बघतोय. हिला सगळा वेळ मी दिसत होतो. आणि तरी ही कधी "काय बघताय?" म्हणाली नाही.

टीव्हीवाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. पडदाही नको, काचही नको. मग खिशातलं चष्म्याचं फडकं काढून काच पुसली, कोपऱ्यातल्या टवक्यापर्यंत.