मिरियलचे बूट

स्पाइट्सटाउन, बार्बाडोस
२० जानेवारी १९११

चि. सौ. आयांथीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. मिरियल अडीच वर्षांची झाली तरी अजून बसूनच सरकते, हे वाचून घास गेला नाही. तापाने धरलेले पाय डॉक्टरच्या कडू पुड्यांनी सुटायचे नाहीत. तुलाही मी वाळूत रोवूनच उभी केली होती. भरतीच्या रेषेजवळ ओल्या वाळूत खड्डा करा, पोरीला कमरेपर्यंत रोवा आणि लांब जाऊन बसा. रडली तरी उचलायचं नाही. तुझं मन फार हळवं, म्हणून बजावते.

तुमच्या त्या चिखलाच्या गावात समुद्र नाही हे ठाऊक आहे. मग एखाद्या रविवारी निघा की सगळे! नाहीच जमलं, तर तुमच्या शेजारच्या ग्रीव्हजबाई ईस्टरच्या आधीच्या बोटीने इकडे परत येताहेत, त्यांच्याबरोबर मिरियलला माझ्याकडे पाठव. कालवा खणून झाला की तुम्ही या. रागावू नकोस. मुलगी तुझी आहे, पण पाय तिला जन्मभर लागणार आहेत.

थोरल्या ऑब्रीला गोड पापा.
तुझी काळजी करणारी,
आई

कुलेब्रा, पनामा
६ मार्च १९११

ती. आईच्या चरणी,
सा. न. वि. वि.

ग्रीव्हजबाईंना एकटीचंच तिकीट काढायला सांगितलं आहे. आता सविस्तर ऐक.

काल पहाटेच्या गाडीने आम्ही कोलोनच्या समुद्रावर गेलो. डार्नली लग्नातली टोपी घालून आला, पण वाटभर कुरकुर. सहा दिवस साहेबासाठी खणायचं आणि सातव्या दिवशी सासूबाईंसाठी, म्हणे. तरी खड्डा असा काटकोनात खणला की मुकादम मापायला येणार असावा. मिरियलला त्यात रोवली. शेजारी जमैकाच्या बायका बसल्या होत्या. बार्बाडोसवाले पोरं पेरतात वाटतं, पीक कधी येणार, असं त्यांनी विचारून घेतलं.

पोर जी रडायला लागली! मी दोनदा उठले, दोन्ही वेळा डार्नलीने माझा घागरा धरून खाली बसवलं. मला डोळ्यांसमोर ग्रीव्हजबाईंच्या मांडीवरची मिरियल आणि लांब जाणारी बोट दिसत होती. पोर गप्प बसावी म्हणून नारळाच्या पावाचा तुकडा तिच्यापुढे आधीच ठेवला होता, तेवढीच माझी चूक. कोळ्यांच्या झोपड्यांकडून एक शेळी आली, पाव तोंडात धरला आणि सावकाश चालू लागली.

मिरियलचं रडणं थांबलं. दोन्ही हात वाळूवर टेकून तिने एक गुडघा बाहेर काढला, मग दुसरा. उभी राहिली आणि शेळीमागे निघाली. पडली, उठली, परत निघाली. मी धावणार तोच डार्नली म्हणाला, “आत्ता उचललीस, तर बोटीवर गेलीच समज.”

आई, तिने शेळीला गाठलं आणि तिचा कान धरला. पाव संपला होता, पण तिने कान सोडला नाही. जमैकाच्या बायका उठून टाळ्या वाजवायला लागल्या, एकीने तर आपला अख्खा पाव तिला दिला. ऑब्री तिच्याभोवती नाचत होता. डार्नलीच्या डोळ्यांत वाळू गेली, असं तो अजून सांगतो.

त्याच्या मते श्रेय शेळीचं, माझ्या मते तुझं. निवाडा तूच कर.

आहे ती माया राहू दे.
तुझी,
आयांथी

स्पाइट्सटाउन
२८ मार्च १९११

चि. सौ. आयांथीस,
आशीर्वाद.

पत्र मासळीबाजारात दोनदा वाचून दाखवलं. जावईबापूंना सांग, शेळ्या तुमच्या गल्लीतही आहेत, तिथे का नाही उठली पोर? वाळूच ती!

खरं सांगू? सुताराकडून मी छोटी खाट करून घेतली होती. मिरियल येणार नाही कळल्यावर आधी वाईट वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली. खाटेवर आता कोंबड्या झोपतात.

सोबत तिच्यासाठी बूट पाठवते. चार पावलांवर माझा विश्वास नाही. तळ झिजले की बूट मला परत पाठव.

सगळ्यांवर जीव आहेच.
आई

कुलेब्रा
९ ऑक्टोबर १९११

ती. आईस सा. न.

बूट पाठवते आहे. डावा जास्त झिजलाय, कारण दारातून बाहेर पडली की ती डावीकडेच पळते, तिकडे शेजारणीच्या शेळ्या आहेत. नवे बूट पाठवू नकोस. माप द्यायला ती स्वतः चालत तुझ्या दारात येईल.

डाव्या बुटाला अंगठ्याखाली भोक पडलंय. अजून विश्वास बसत नसेल, तर त्यात बोट घालून बघ.

तुझीच,
आयांथी